मागच्या सीटचा फोम

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. पत्रात माणसाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तर, बसली आहेस ना? मी मोटारसायकल घेतोय. जुनी, मधल्या आकाराची, खडबडीत रस्त्यावरही न कुरकुरता चालणारी ती उंच अ‍ॅडव्हेंचर बाइक. तुझ्याच गावात गुरांचे एक डॉक्टर विकतायत. गोठ्यागोठ्यांतून हिंडायला घेतली होती, आता त्यांना दवाखान्यात बसायचं काम मिळालंय. फोटोत गाडी छान दिसते, पण फोटोत काय, मीही छान दिसतो. मी यायच्या आधी तू एकदा बघून ये. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, न बघता भरवसा ठेवायची सवय नाही. आणि बघून खरं ते सांगणारं तुझ्याइतकं दुसरं कोणी माझ्याजवळ नाही.

डॉक्टरांना आधीच सांग, की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लाव. कोमट लागलं तर समज की थंड असताना सुरू व्हायला रुसते आणि ते झाकायचंय. मग पुढचा ब्रेक धरून हँडलवर जोर दे, गाडी पुढून खालीवर होऊ दे. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर तेलाचं कडं उमटलं तर कळव. चाकांचे स्पोक पेनाने एकेक वाजवून बघ. सैल स्पोक बद्द वाजतो. दिवसभर लोकांचे कान तपासतेस, तुला आवाजातलं मी काय शिकवणार!

टाकीला डावीकडे पोचा आहे. डॉक्टर म्हणतात गाईने लाथ मारली. मारली असेलही. पण गाडी पडली असेल तर आधी हँडलचं टोक नि क्लचची दांडी घासते. तेवढं बघितलंस की गाय खरी का डॉक्टर, ते कळेल.

आणि मागची सीट. फोम अंगठ्याने दाबून बघ, लगेच वर येतो का बसून राहतो. शिवण एकेरी आहे का दुहेरी, टाके कुठे उसवलेत, पाय ठेवायला जागा कितपत, धरायला काही आहे का. हे विसरू नकोस.

गुडघा बरा आहे. विचारशील म्हणून आधीच सांगून टाकलं. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही राहू दे.

तुझा,
बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मध्ये बोलायची सोय नव्हती म्हणून भिंतीशी बोलले.

काल जाऊन आले. इंजिन गारठलेलं होतं. मी हात लावल्यावर डॉक्टर हसले, म्हणाले की गाय तपासताना तेही आधी असाच हात ठेवतात. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सुरुवातीला एक बारीक टिकटिक होती, इंजिन तापल्यावर विरली. नळ्या कोरड्या. स्पोक वाजवले. पुढचं चाक सुरात आहे, मागच्यात शेजारीशेजारी दोन बद्द. डॉक्टरांनी कान लावला तरी त्यांना फरक कळेना, तेव्हा सवडीने माझ्याकडे येऊन जा म्हटलं त्यांना. स्पोक ते कसून देणार आहेत.

गाय खरी निघाली. हँडलचं टोक, क्लचची दांडी, कुठे ओरखडा नाही. पोचाही खुराएवढाच.

मागच्या सीटचा फोम बसलाय, अंगठ्याचा खड्डा बराच वेळ राहतो. शिवण एकेरी, उजव्या कोपऱ्यात उसवलेली. पाय ठेवायला जागा ऐसपैस, धरायची कडी भक्कम. पण बाबा, शिवण एकेरी का दुहेरी हे तुम्ही कधीपासून बघायला लागलात? तुम्हाला स्वतःच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसत नाही. आणि मागे सामानच बांधायचं, तर त्याला फोम कशाला?

काहीतरी मोठं बिघडलेलं सापडावं, असं मला मनातून वाटत होतं. सापडलं नाही. गाडी चांगली आहे. आणि तुम्ही ती घेऊ नये असं मला वाटतं. ही दोन वाक्यं मी मुद्दाम वेगळी लिहिली आहेत. दुसऱ्यासाठी पहिलं खोटं करायचं नव्हतं.

मला स्कूटर शिकवायच्या आधी तुम्ही ती अंगणात आडवी पाडली होती, आठवतं? ज्याला एकट्याने उचलता येत नाही त्याने चालवायची नाही, असा नियम सांगितला होता. मी रडले, तुम्हाला मनात नको नको ते बोलले, पण उचलली. आता तोच नियम तुम्हाला. ही गाडी स्कूटरहून कितीतरी जड आहे आणि तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात. डॉक्टरांना सांगून ठेवलंय. उचललीत तर मी चकार शब्द काढणार नाही.

रागवायचं असेल तर रागवा, पण जीव लावणं थांबवू नका.

तुमची,
मुंगी

९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

हे पाकीट वेगळं टाकतेय, बाबांच्या हाती लागू देऊ नकोस. तू त्यांना समजाव. तुझ्या शब्दाबाहेर ते जात नाहीत. जिना उतरताना कठड्याला धरून थांबतात आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारखं करतात, ते मी पाहिलंय.

कामावर रोज त्यांच्या वयाची माणसं माझ्यासमोर बसतात. मी त्यांच्या कानात बारीक आवाज सोडते, तो ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा असतो. कधीकधी आवाज सोडून मी वाट बघत राहते आणि हात वर होतच नाही. त्या वाट बघण्यात हल्ली मला बाबा दिसतात. त्यांना रस्त्यावर एकटं सोडायला मन धजत नाही गं.

तुझ्या मायेत गुरफटलेली,
मुंगी

१४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आईचे आशीर्वाद.

पाकीट पोस्टमनने नेमकं बाबांच्याच हातात दिलं. त्यांनी न फोडता माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं आणि दिवसभर मांजरासारखे त्याच्या भोवती घुटमळले.

आता मी सांगते ते ऐक. गाडी मला हवीय. ते बिचारे चारचाकी बघत होते, मीच नको म्हटलं. सगळा जन्म दुसऱ्यांच्या खिडक्यांना पडदे शिवले. कुठल्या खिडकीतून काय दिसतं, ते माप घेता घेता जेवढं दिसलं तेवढंच. आता मला मध्ये काच नकोय. फोमचे नि शिवणीचे प्रश्न मीच शेजारी बसून लिहायला लावले. माझं नाव घेऊ नका, नाहीतर ती दोघांनाही ओरडेल, हेही मीच सांगितलं. त्यामुळे एकटेच बोलणी खातायत.

गुडघा दुखतो तो जिन्यात. गाडीला जिना नाही. भीती मलाही वाटते, नाही असं नाही. पण ते खुर्चीत बसून समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचा आवाज ऐकतात, तिचा दोर झिजलाय म्हणून मला सांगतात, आणि तिकडून कोणी विचारायला येत नाही म्हणून चिडून झोपतात, तेव्हा जास्त भीती वाटते.

तुझा नियम मात्र बरोबर आहे. त्यांचाच आहे, ते मोडणार नाहीत. शनिवारी येतोय. त्या दिवशी तू शाळेतल्या मुलांचे कान तपासायला बाहेरगावी असशील ना? बरंच झालं. तू समोर असलीस तर ते नको तेवढा जोर लावतील. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेव.

वेळेवर जेवत जा. बाकी सगळं पोटात घाल, आणि आम्हालाही.

आई

२३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

आधी निकाल सांगतो. मला उचलता आली नाही.

डॉक्टरांनी अंगणात जुनी गादी टाकून तिच्यावर गाडी हळूच आडवी केली. मी सीटला पाठ लावली, गुडघे वाकवले, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची कडी धरून पायांनी रेटा दिला. वीतभर उठली. मग गुडघ्याने नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा तेवढीच. हात झटकले आणि डॉक्टरांना म्हटलं की माफ करा, आमच्या घरचा नियम आहे. हसून म्हटलं, पण वाईट वाटलं. तुझ्यापासून काय लपवू?

तेवढ्यात आईने पर्स पायरीवर ठेवली, मला जरा सरकायला सांगितलं आणि माझ्या शेजारी पाठ लावून उभी राहिली. मी म्हटलं की नियम एकट्याने उचलायचा आहे. त्यावर तिने विचारलं, की गाडी पडेल तेव्हा ती काय घरी बसलेली असणार आहे का? तीही तिथेच पडलेली असेल, मग उचलायला दोघं झालीच की.

गाडी उठली. पहिल्याच रेट्यात, आणि इतकी झटकन, की पलीकडे कलंडू नये म्हणून डॉक्टरांना धावावं लागलं.

लिफ्टमध्ये पाटी असते, किती माणसांचा भार चालेल त्याची. ती पाटी मी आयुष्यभर 'याहून जास्त नकोत' अशी वाचली. 'याहून कमी चालणार नाहीत' असं यंत्र पहिल्यांदाच बघितलं.

आडरस्त्याने, थांबत थांबत घरी आणली. आई मागून अखंड बोलत होती. हेल्मेट आणि वारा, एक शब्द कळला नाही. मी आपला प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेलो.

नियम मोडला का पाळला, ते तू ठरव. मोडला म्हणालीस तर डॉक्टर गाडी परत घेतील, तसं बोलून ठेवलंय. निकाल काहीही दे, माया राखून दे.

तुझा,
बाबा

ता. क. मी आई लिहितेय. समुद्रापर्यंत जायला हो म्हणालेत. परत डोंगरातून यायलाही. नव्या फोमला, दुहेरी शिवणीला, आणि तुझ्याकडून कान तपासून घ्यायलाही.

२८ फेब्रुवारी

ती. आईबाबांना,
सा. न. वि. वि.

नियम मोडलेला नाही. तो करताना माणसं मोजायची राहिली होती, एवढंच.

आता पुढचा नियम माझा. ही गाडी एकट्याने बाहेर काढायची नाही, भाजी आणायलासुद्धा नाही. आईला कंटाळा आला तर बाबा, तुम्हीही घरी. आणि आई, तुला कंटाळा यायची परवानगी नाही.

शनिवारी रात्री घरी आले तर ओट्यावर दोन कप पालथे घातलेले होते, आणि माझ्या खिडकीचा उसवलेला पडदा कोणीतरी गुपचूप शिवून ठेवला होता. दुहेरी शिवण. तो बाजूला सारून मी बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी होते. भीती गेलेली नाही. पण आता तिच्यात मला एकटे बाबा दिसत नाहीत. तुम्ही दोघं दिसता, भांडत, गाडी उचलत. मग तिचं फारसं काही चालत नाही.

कान जाताजाता तपासू. माझं गाव वाटेवरच आहे, फोम बदलून झाला की निघा.

समुद्रावर पोचलात की फोन करू नका. पत्र लिहा. मला शेवटपर्यंत ऐकायचंय.

तुमची,
मुंगी