शांत दिवसाची गोळी

१२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

तू बरी असशील. मी बरी आहे. खुशालीचं एवढंच, कारण जे घडलं ते आधी क्रमाने लिहायचं आहे.

१. गेल्या महिन्यात एका सकाळी आई न्हाणीघरात पडली. शुद्ध गेली नव्हती. मनगट मुरगळलं, हाड शाबूत आहे.

२. दवाखान्यात नर्सने तिचा रक्तदाब मोजला, मग दुसरं यंत्र आणून पुन्हा मोजला.

३. आई रक्तदाबाची गोळी रोज घेत नव्हती. काही दिवस घ्यायची, काही दिवस नाही.

४. कुठल्या दिवशी घ्यायची नाही, हे ती माझ्या सांगण्यावरून ठरवत होती. मला ते माहीत नव्हतं.

५. आता ती रोज घेते, कारण मी तिला रोज खोटं सांगते.

गेल्या वेळी फोनवर तू म्हणालीस, "तिला काही झालं तरच सांग, नाहीतर तिचं नाव काढू नकोस." झालं आहे, म्हणून सांगते आहे. फोनवर तू पहिल्या मुद्द्यालाच "आता कशी आहे?" विचारलं असतंस, मी "बरी आहे" म्हटलं असतं आणि पाचवा मुद्दा राहून गेला असता. म्हणून पत्र.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. सूर्यावर खळबळ झाली की त्याचे पडसाद पृथ्वीच्या चुंबकत्वावर उमटतात, ते आम्ही वेधशाळेत मोजतो. दर तीन तासांनी शून्य ते नऊमधला एक आकडा. लहान आकडा म्हणजे शांत, मोठा म्हणजे वादळ. मोजणीच्या खोलीत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्या, पिना, पट्टा, सगळं बाहेर. माझे तिथले कपडे आईनेच शिवलेत. नाड्या आणि लाकडी बटणं, आणि शिवून झाल्यावर सुई कुठे अडकली नाही ना, म्हणून तिने ते लोहचुंबक फिरवून तपासले होते. तेव्हा म्हणाली होती, "अंगावर लोखंड नको म्हणतात ते ठीक, पण तुझ्या अंगातही नाही. म्हणून चक्कर येते तुला."

ती रोज सकाळी फोन करते. "काय गं, आज तुझा सूर्य काय म्हणतो?" मी सांगायचे, शांत आहे. ती म्हणायची, "बरं." मग फोन ठेवायची. मला वाटायचं, माझ्या कामातलं तिला एवढंच विचारता येतं, म्हणून विचारते.

मधे एकदा तिने विचारलं होतं, "या वादळांचा माणसाच्या तब्येतीवर परिणाम होतो का गं?" मी अचूक उत्तर दिलं. म्हटलं, काही अभ्यासांमध्ये रक्तदाबाशी आणि हृदयाच्या ठोक्यांशी किंचित संबंध दिसतो, काहींमध्ये दिसत नाही, आणि कारण अजून ठरलेलं नाही. या वाक्यात एकही शब्द चुकीचा नाही. आईने त्यातला "संबंध दिसतो" एवढा भाग उचलला आणि बाकीचा माझ्याकडेच राहिला.

दवाखान्यात डॉक्टर जरा चिडलेच. "काकू, गोळ्या सोडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सोडल्या नाहीत. शांत दिवशी घेत नाही."

"शांत म्हणजे?"

"माझी मुलगी त्याच खात्यात आहे," आई म्हणाली. "रोज विचारूनच घेते मी."

"कुठल्या खात्यात?"

"सूर्याच्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. ताई, तिला अभिमान वाटत होता. हात गळ्यात बांधलेला आणि तोंडावर अभिमान.

घरी येताना रिक्षात मी तिला समजावलं. गोळीचा आणि सूर्याचा काही संबंध नाही, गोळी रोजची आहे. ती म्हणाली, "ऊन नसताना छत्री उघडून फिरतं का कुणी? त्या गोळीने मला सारखं लघवीला उठावं लागतं. मशीनवर बसले की चार टाके घालून उठ, चार टाके घालून उठ." शेवटी "बरं बाई, घेते" म्हणाली.

मी इकडे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "आज काय?" मी म्हटलं, शांत. "बरं." तो "बरं" आता मला ओळखू येत होता. मी म्हटलं, थांब, आत्ताच नवा आकडा आला, दुपारनंतर वादळ आहे. "असं? मग घेते हो."

तेव्हापासून रोज वादळ आहे. खरं म्हणजे गेले काही आठवडे सूर्य इतका निवांत आहे की आमचे साहेब म्हणतात, यंत्र चालू आहे की बंद ते टिचकी मारून बघा. मी नोंदवहीत खरा आकडा लिहिते आणि बाहेर येऊन फोनवर दुसरा सांगते. मी आजवर एकही आकडा बदललेला नाही, हे तुला सांगायला नको. निदान गोळी तरी पोटात जाते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

परवा आईच्या शेजारीण काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "तुझी आई शिवणाला बसत नाही गं. आलेली कापडं तशीच परत पाठवते. बाजारात चल म्हटलं तर नको म्हणते. नुसती खुर्चीत बसून असते." मला वाटलं, वादळाला घाबरली. मी लगेच आईला फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला.

"काय झालं? तू बरी आहेस ना?"

मी म्हटलं, मला काय होणार? तू शिवण का बंद केलंस? मनगट दुखतंय का?

"मनगटाला काय धाड भरलीय. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही म्हणजे?"

कुणाचा फोन?

"तुझाच, आणखी कुणाचा? रोजची वादळं, आणि तू त्या खोलीत एकटी. अंगात रक्त नाही. मी इतक्या लांब आहे तर मला गोळी लागते, तू तर त्या यंत्रापाशीच उभी असतेस. मला काही झालं तर शेजारच्या धावत येतील. तुला काही झालं तर कोण बघणार?"

मी म्हटलं, साहेब असतात. खरं म्हणजे साहेब आठवड्यातून एकदा येतात.

ताई, ती सूर्याची चौकशी करते असं मी इतके दिवस समजत होते.

इथलं मी कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नाही. रेल्वे आणि विजेच्या मोठ्या तारा यांपासून दूर, म्हणून वेधशाळा इथे आहे. जे यंत्राला नको ते सगळं दूर आहे, त्यात माणसंही आली. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर ती आई, आणि तेही दोन वाक्यं. पडल्यानंतर आईला खरं ठामपणे सांगितलं नाही, याचं कारण मी गोळी असं वर लिहिलं आहे. ते पूर्ण नाही. सूर्याचा काही संबंध नाही हे तिला पटलं, तर सकाळी फोन करायला तिच्याकडे कारण उरणार नाही, असं मला वाटलं होतं. तिच्याकडे दुसरंही कारण असेल हे माझ्या लक्षात आलं नाही.

आता तिला सांगायलाच हवं. २३ तारखेला रविवार आहे, मी घरी जाते आहे. सगळं सांगणार आहे, रोज खोटं बोलले हेही. ती चिडेल. चिडली की काय करते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोलणं बंद करेल, आणि माझ्या शब्दावर घेतलेली गोळी माझ्या शब्दाबरोबर सोडून देईल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की पुन्हा असं झालं तर नुसत्या मनगटावर निभावणार नाही.

बाबा गेल्यावर तू तिला तुझ्याकडे चल म्हणालीस, ती "मी कुणाच्या घरी पाहुणी होणार नाही" म्हणाली, आणि तू "मग राहा एकटी" म्हणालीस. यात चूक कुणाची हे मी ठरवत नाही. तू तिची माफी मागावीस असंही म्हणत नाही. त्या दिवशी तू नुसतं येऊन बसावंस. माझ्यावर रागावली तर गोळी तुझ्या हातून घेईल. तुझ्यावरचा राग जुना झाला आहे. शेजारीण काकू म्हणतात, तुझ्या लेकीच्या मापाचा फ्रॉक ती अंदाजाने शिवून ठेवते आणि दर वर्षी उसवून मोठा करते.

आणि आईचं सोडलं तरी तू यावंस असं मला वाटतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं.

२० तारखेपर्यंत उत्तर पाठव. येणार असलीस तर कुठल्या गाडीने ते लिही, मी स्टेशनवर येईन. येणार नसलीस तर "नाही" एवढंच लिही, पण लिही.

तुझी,
धाकटी