फुगीला दोन हजार हाका

४ फेब्रुवारी
आज आमच्या फुगीचं ऐकण्याचं मशीन चालू केलं. ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं. कानाच्या आत तार, बाहेर कानामागे यंत्र, आणि डोक्याला लोहचुंबकाने चिकटणारी चकती. ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी लॅपटॉपचं बटण दाबलं. फुगी रडली. बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, ऐकलं तिनं! बायको रडली, सासूबाई रडल्या. मी रडलो नाही. बाईंनी त्याच क्षणी तिच्या हातातली बाहुली काढून घेतली होती, हे फक्त मी पाहिलं. तीन वर्षांचं पोर बाहुली काढून घेतल्यावर रडणारच. त्यात कान कुठे आला?

५ फेब्रुवारी
मी फायर अलार्म तपासणारा माणूस. दिवा लागला म्हणजे घंटा वाजेलच, असं मी मानत नाही. संकल्प: रोज वीस हाका. पाठीमागून. कारण सांगायचं नाही, वळली तर कौतुक नाही, नाहीतर निकाल बिघडतो. फक्त वहीत नोंद. पडदे बंद (सावली पडते). चपला काढून (जमीन हादरते). टीव्हीवर चादर (काचेत मी दिसतो).

९ फेब्रुवारी
हाका शंभर, वळणं शून्य. बाईंना फोन केला. म्हणाल्या, आवाज म्हणजे काय हे मेंदूला शिकायला वेळ लागतो, तिच्याशी भरपूर बोला. 'वेळ लागतो' हे मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडूनही ऐकलंय. ती लिफ्ट अजून बंद आहे.

२६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
वळली! नक्की वळली. हसली आणि दोन्ही हात वर केले. मी उचलायला वाकलोच होतो. पण नियम म्हणजे नियम. पाठ फिरवून नोंद केली. बायको म्हणाली, अरे, उचल तरी तिला! बायकोला प्रयोगातलं ओ की ठो कळत नाही.

१० मार्च
वीसपैकी सतरा. इतकं चांगलं? कुठेतरी पाणी मुरतंय. सासूबाई समोर बसलेल्या असतात आणि मी हाक मारली की त्यांच्या भुवया वर जातात. उद्यापासून हाका चाळीस, सासूबाई गॅलरीत. त्या म्हणाल्या, जावईबापू, माझ्या भुवया जन्मापासून अशाच आहेत. तेही लिहून ठेवलं.

१९ मार्च
एका ऑफिसात तपासणी. तिथला मॅनेजर भलताच हौशी, दिवसातून चार वेळा अलार्म वाजवून बघतो. मी वाजवला तर एकानेही मान वर केली नाही. एक जण शांतपणे डबा खात राहिला. मॅनेजरला चांगलं झापलं. म्हटलं, विनाकारण वाजवत राहिलात तर उठेल कोण? शिकलेल्या माणसांना इतकी साधी गोष्ट कळू नये!
संध्याकाळी घरी चाळीस हाका. वळणं सव्वीस.

२ एप्रिल
चाळीसपैकी नऊ. बॅटरी बदलली. मग ती बदललेली बॅटरीही बदलली.

११ एप्रिल
शून्य. 'मी म्हणत नव्हतो?' असं सगळ्यांना ऐकवलं. ऐकवून वाटायला हवं तेवढं बरं वाटलं नाही.
फुगीला बाईंकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की खेळण्यातल्या खांबात एक कडी घालायची. कुजबुजीएवढ्या आवाजालाही पठ्ठी कडी घालते! बाई म्हणाल्या, मशीन ठणठणीत आहे. माझं मत: बाई आणि फुगी एकमेकींना सामील आहेत.

१३ एप्रिल
बायकोने स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण काढलं. फुगी दोन खोल्या ओलांडून हजर. वास आला असणार. दाराची बेल वाजली, धावली. योगायोग. बायको भांडी लावताना गुणगुणत होती आणि फुगी तिच्या पायाशी बसून डोलत होती. याचं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही.

१५ एप्रिल
सापडलं! माझ्या आवाजाची फ्रिक्वेन्सी मशीनमध्ये घातलेलीच नाही. आईची घातली, आजीची घातली, बापाची राहिली. बापाला विचारतो कोण? अर्ज लिहिला, दीड पान. खाली सही, तारीख.

१८ एप्रिल
अर्ज घेऊन गेलो. बाईंनी तो न हसता वाचला, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. मग वही मागितली. बराच वेळ पानं उलटत होत्या. विचारलं, हाक मारल्यावर ती वळली की तुम्ही काय करता? म्हटलं, नोंद. आणि तिच्याशी काही बोलता? म्हटलं, छे, निकाल बिघडतो.
बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, फेब्रुवारीतच ऐकायला लागली होती ती. तुमच्याकडे वळून वळून पाहिलं तिनं, दर वेळी तुमची पाठ दिसली. तुमच्या हाकेपुढे काही नसतं, हे ती तुमच्याकडूनच शिकलीय. आता दाखवण्यासारखं, सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच हाक मारा. येईल हळूहळू.
वहीत दोन हजारांच्या वर हाका आहेत. बेरीज दोनदा तपासली. चूक नाही.

१९ एप्रिल, रविवार
सकाळपासून फुगीला हाक मारण्यासाठी कारण शोधत होतो. एकही सुचेना. स्वतःची लाज वाटली.
दुपारी खिडकीच्या कठड्यावर मुंग्यांची रांग दिसली. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठा पंख ओढत नेत होती. दाखवण्यासारखंच होतं. हाक मारली. फुगी पाठमोरी बसून ठोकळे रचत होती. आणखी एकदा मारली, जरा हळू, जरा प्रेमाने. ठोकळ्यावर ठोकळा. तेवढ्यात आतून बायको साध्या आवाजात 'चल गं' म्हणाली, आणि फुगी ताडकन उठून पळाली.
मशीन उत्तम चालतं. याबद्दल आता मला काहीही शंका नाही.
मुंग्या मी एकट्यानेच पाहिल्या.