साबणाची रेघ

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड

परवा वॉकरचा पाय तुटून बाबा पडले, तो पाय आज घरीच जोडला. वेल्डिंग मशीन कुठलं, छोटी गॅस टॉर्च आणि ऑनलाइन मागवलेली ॲल्युमिनियम जोडायची सळी. आधी एका जुन्या पाईपवर हात साफ करायला गेलो, त्याची वाट लागली. मी तो लाल व्हायची वाट बघतोय आणि तो पांढराच्या पांढरा राहून एकदम वितळून खाली बसला.

खालच्या मजल्यावरचे सावंतकाका जुने फिटर. म्हणाले, "लोखंड लाल होऊन सांगतं रे, हे सांगत नाही. साबणाची रेघ ओढ. ती काळी पडली की सळी लाव."

ओढली. काळी पडली, आणि सळी पाण्यासारखी पसरली. साबणाला कसं कळतं पण?

जोड पक्का आहे, मी अख्खा भार टाकून बघितला. डोक्यातून जात नाही ती चिकटपट्टी. जोडण्याआधी वॉकरच्या पायाला गुंडाळलेली पट्टी सोडवली तेव्हा आतली चीर जुनी दिसली, कडा काळ्या पडलेल्या. म्हणजे पट्टी बाबांनीच लावलेली. विचारलं तर म्हणाले, "चालत होतं ना, तुला कशाला त्रास."

पडले तेव्हाही 'काही नाही रे'च.

यांच्यावर कुठे ओढू साबणाची रेघ?