आसनांची सात्त्विक धुलाई

७ जुलै, रविवार
आजपासून रोजनिशी. प्रमुख झाल्यावर वेळ मिळणार नाही, म्हणून आत्ताच सवय. कॉलनीच्या ध्यानकेंद्राचा प्रमुख कोण, ते गुरुजी गुरुपौर्णिमेला जाहीर करणार. उमेदवार दोन : मी आणि काकासाहेब. काकासाहेबांना ध्यानात पाच मिनिटांत झोप लागते, तेव्हा खरं तर एकच. शिवाय केंद्रातली आसनं मी शिवून घेतली आहेत. परदेशात आसनात धान्याची टरफलं भरतात असं वाचलं होतं. टरफलापेक्षा अख्खा दाणा केव्हाही बरा. म्हणून लासूर स्टेशनच्या बाजारातून हुलगे आणले, वर गुलमंडीचं भगवं कापड. बूड छान बसतं.

९ जुलै, मंगळवार
काकासाहेबांनी ध्यान मोडून तक्रार केली की मांडीवर काहीतरी चालतंय. मी सांगितलं, ती ऊर्जा आहे, चालू द्या.

१० जुलै
ऊर्जेला सहा पाय आहेत. भुंगे. शिवाय आसनांना घामाचा वास. गुरुजी यायच्या आत सगळी धुणार. एकट्यानं.

११ जुलै
सौ.चा सल्ला : शिवण उसवा, हुलगे उन्हात टाका, नुसतं कापड धुवा. वर म्हणाली, अवो, हुलगे भिजवून फडक्यात बांधले की काय व्हतं, येवढं बी ठाऊक नाय का? मी म्हणालो, पैठणला धरणावर हयात गेली माझी, पाणी मला शिकवू नकोस. उसवायचा कंटाळा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ जुलै, रविवार
आज नळाचा दिवस. नळ आला नाही. धुलाई पुढे. दरम्यान भाषणाचे मुद्दे काढले.

१८ जुलै, गुरुवार
नळ आला! केंद्राच्या हौदात आसनं अख्खीच्या अख्खी बुडवली. साबण नाही. सात्त्विक धुलाई. काकासाहेब मदतीला आले होते, परत पाठवलं. श्रेय वाटलं जातं.

१९ जुलै
आसनं बाहेर काढली. एकेक उचलताना डोळ्यांपुढे काजवे. पाठीत उसण. आभाळ भरलेलं, ऊन नाही. म्हणून सामानाच्या खोलीत रचली, वर गोधड्या आणि ताडपत्री. उबेनं सुकतील.

२० जुलै, दुपार
आसनं चांगलीच फुगलीत. हात ठेवला तर कोमट. म्हणजे त्यांच्यात जीव आला. खोलीला शेताचा वास. सौ.नं डोकावून तोंडाला पदर लावला. भावना अनावर झाल्या असाव्यात. भाषण पाठ.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा
गुरुजी बसले. खालून कचकच आवाज. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, हे ओलं काय आहे? मी म्हणालो, शीतलता. तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक शिवण फाटली आणि बोटबोट मोड आलेले हुलगे भसकन सतरंजीवर. मग तिसऱ्या रांगेत. सगळे उठून उभे. काकासाहेब तेवढे झोपेत होते. त्यांची स्थिरता पाहून गुरुजी गहिवरले.
प्रमुख : काकासाहेब.
मला गुरुजी म्हणाले, तुमच्या हाताला गुण आहे, केंद्राची बाग तुम्ही बघा. केंद्राला बाग नाही.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. भाषण पाठ होतं.

२२ जुलै
आसनांच्या जबाबदारीचा राजीनामा दिला. बागेचाही. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बिरू धनगर शेळ्या चारतो, त्याच्यापुढे सगळे हुलगे ओतले. बिरू म्हणाला, लई ब्येस मोड आलेत सायेब, फुडल्या बारीला आजून भिजवा. कामाची कदर करणारा कोणीतरी भेटला. साधक उद्या मनधरणीला येतीलच. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की हो.

२३ जुलै
कोणी नाही. फाटकाची कडी काढून ठेवली. लाजत असतील.

२५ जुलै
सौ. म्हणाली, या आता आत, उसळ निवायली. कसली उसळ ते विचारलं नाही. जेवलो नाही.

२६ जुलै, सकाळ
अंगणात एकदम खूप पावलं वाजली. सौ.ला म्हटलं, मोठं पातेलं ठेव, सगळ्यांना चहा. इस्त्रीचा सदरा घातला, चेहऱ्यावर नाराजी आणली, बाहेर गेलो.
बिरूच्या शेळ्या.
नाही म्हणालो. माना वर करून बघत राहिल्या. पुन्हा नाही म्हणालो. निघून गेल्या.
तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.