तटस्थ अक्षाविरुद्ध माझं भाषण

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकण्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.) तुमचा दुखरा खांदा आता कसा आहे? दादाचा आवाज कसा आहे ते विचारत नाही. तो इथवर येतो.

पदार्थांच्या बलशास्त्राची तोंडी परीक्षा काल झाली. या विषयात दोनदा आपटलोय. यंदाही आपटलो तर शिक्षण बंद आणि आपल्या रंगाच्या दुकानात डबे हलवत बसायचं, हा दादाचा हुकूम तुमच्यासमोरच सुटला होता. लेखी कशीबशी निभावली होती. परीक्षकांनी विचारलं, तुळई वाकली की तिच्या आत काय होतं? उत्तर पाठ होतं. वरचे थर आवळले जातात, खालचे ताणले जातात, आणि मधला एक थर ना आवळतो ना ताणतो. तो तटस्थ अक्ष. इथे थांबायला हवं होतं. पण 'तटस्थ' हा शब्द तोंडातून निघाला आणि माझ्यातला वक्ता उठून उभा राहिला. वरचे चिरडले जात असताना, खालचे फाटत असताना मध्ये आरामात पडून राहणाऱ्या त्या थराचा मी जाहीर निषेध केला. (ओघात गुलामगिरीचा इतिहासही आला. बाहेर थांबलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.)

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर वाकवला. पानं एकमेकांवरून सरकली.

"तुळईतले थरही असेच सरकायला बघतात, पण एकमेकांना धरून असतात. ही ओढाताण सगळ्यात जास्त कुठे?"

मी गप्प. (ही बातमी कॉलेजभर पसरली आहे.)

"तुमच्या त्या आरामात पडलेल्या थरात. त्याने हात सोडला की एका तुळईच्या दोन फळ्या होतात."

वहिनी, मला एकदम आपलं जेवणाचं टेबल दिसलं. एका टोकाला दादा गरजतोय, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये तुम्ही, आणखी वाढू का विचारत. तुमचं घरात 'तटस्थ राष्ट्र' हे नाव मीच पाडलं. आपल्या घराच्या दोन फळ्या का झाल्या नाहीत, ते मात्र मला परक्या माणसाने कागद वाकवून दाखवावं लागलं. तुमचे उपकार भाषणात मावणारे नाहीत, म्हणून हे पत्र.

तुमचा,
भोंगा (दादाने ठेवलेलं नाव, आता पटतं)

ता.क. निकाल सांगायचा राहिला. नापास केलेलं नाही, पासही नाही. सोमवारी पुन्हा बोलावलंय, भाषण घरी ठेवून. दादाला हे तुम्ही सांगाल का? माझी बाजू घेऊ नका. नेहमीसारख्या फक्त मध्ये बसा.

आणखी एक ता.क. बसण्याआधी खांदा शेकून घ्या. ताण तिथेच येणार आहे.