सोडवणीचा गूळ

२ जुलै १९२९, मंगळवार

स. ला जाऊन आज महिना झाला. बायकोचे मासिक श्राद्ध उरकले. जेवताना दादांनी विषय काढला. भाताची आवणी गुरुवारपासून, आणि यंदा बायांच्या पुढे वहिनी. माझे मत विचारले नाही. विचारले असते तरी काय सांगणार होतो.

इतकी वर्षे भात लावणाऱ्या बायांची टोळी स. ने चालवली. वहिनी तिच्या शेजारी, दुसऱ्या. वहिनींचा हात तिच्याहून चलाख, हे सारे कुरवंडे गाव जाणते. स. स्वतःही तसेच म्हणायची.

संध्याकाळी वहिनींनी स. चे पावसाचे इरले मागितले. त्यांचे स्वतःचे चांगले आहे. खुंटीवरून काढून दिले.

४ जुलै, गुरुवार

सकाळची शाळा शिकवली. लोणावळ्याहून चालत घरी येईपर्यंत दुपार झाली. तसाच शेतावर गेलो. नागफणीचा सुळका ढगात. बाया खाचरात उतरलेल्या.

रांग बदलली आहे. स. नेहमी भागीला मधे घ्यायची. एका अंगाला काशीमावशी, दुसऱ्या अंगाला ती स्वतः. भागी ठाकरवाडीची. लहानपणी चुलीत पडून डावा हात भाजला, बोटे एकमेकांना चिकटली. रोपांची मूठ त्या हातात ठरत नाही. मधे असली की मागे पडलेली कळत नसे, कारण दोन्हीकडच्या तिच्या वाट्याची रोपे जाता जाता खोचून टाकत.

आज ती टोकाला, बांधाच्या कडेला. वहिनी म्हणाल्या, "कडंला ऱ्हाऊ दे. कुनाच्या पायात नगं."

टोकाला असली की वाटेने जाणाऱ्यालाही ती एकटी मागे उरलेली दिसते. मलाही दिसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

७ जुलै, रविवार

काम झपाट्याने चालले आहे. दादा खूष. म्हणाले, असेच चालले तर या पंधरवड्यात सगळी खाचरे उरकतील, स. च्या वेळी श्रावण उजाडायचा.

वहिनी गाण्यात भागीचे नाव घालतात. नवऱ्याने हळद उतरायच्या आत हात पाहिला आणि घाट उतरून पळाला, अशा अर्थाचे. रोज नवे कडवे. बाया हसतात आणि हसता हसता त्यांचे हात भराभर चालतात. भागी त्यांना गाठायला धडपडते, मूठ सुटते, रोपे पाण्यावर पसरतात, आणि मग आणखी हसू. काशीमावशीही हसली. मी पाहिले.

मला वाटले होते, घाईत लावलेली रोपे उखडतील. काल मुसळधार कोसळला. सगळी उभी आहेत.

९ जुलै, मंगळवार

हेडमास्तरांनी निबंधाला विषय दिला, उत्तम पुढाऱ्याचे गुण. मुद्दे मीच फळ्यावर लिहिले. शूर, निश्चयी, सत्यवचनी, शिस्तीचा. मुलांनी तेच उतरवले. तपासताना डोळा लागला.

घरी पिठले-भाकरी. वहिनींच्या हाताला चव आहे, हे लिहिलेच पाहिजे.

१० जुलै, बुधवार

आज भागीला कोंडले.

ही आवणीची जुनी चेष्टा. एखादी मागे पडली की बाकीच्या तिच्या चारी बाजूंनी रोपे लावून पुढे निघून जातात. ती मधल्या तुकड्यात अडकते. लावलेल्यावर पाय द्यायचा नाही, तेव्हा शेताच्या धन्याने गूळ-खोबरे वाटून तिला सोडवायचे. मग बाया स्वतःच वाट करून देतात. आमच्याकडे हे शेवटच्या दिवशी व्हायचे, आणि दर वर्षी कोंडली जायची ती स. गुडघाभर चिखलात उभी राहून सगळ्यांपेक्षा जास्त तीच हसायची. दादा गूळ द्यायचे. मी रात्री जेवताना म्हणायचो, पुढारीणबाई आजही कोंडल्या का?

आज शेवटचा दिवस नव्हता. मी पोचलो तेव्हा बाया बांधावर भाकरी खात होत्या, आणि भागी खाचराच्या मधोमध उभी. पाऊस चालूच. दादा आंब्याखाली विडी ओढत होते.

मी म्हटले, वहिनी, सोडा तिला.

"तुमीच सोडवा की, भावजी. शेत तुमचं बी हाय. काडा गूळ."

बाया हसल्या. दादाही हसले. माझ्याजवळ गूळ नव्हता. छत्री होती. मी छत्री धरून तिथेच उभा राहिलो.

मग भागी वाकली. पुढचे एक रोप उपटले, तिथे पाय ठेवला, आणि मागे वळून ते पहिल्या पावलाच्या जागी परत लावले. मग पुढचे. असे करत, वाट काढत आणि ती बुजवत, त्या हाताने, बांधापर्यंत आली. तोवर भाकरी संपल्या होत्या. तिने बुजवलेली ओळ शेजारच्या ओळीपेक्षा सरळ आहे.

वहिनींनी पाहिले आणि म्हणाल्या, "रानाची चाळन केली. उद्यापास्नं येऊ नगंस."

भागीने चिखलाचे पाय धुतले आणि वाट धरली. आवणीच्या मजुरीत मिळणाऱ्या भातावर तिचा आणि म्हाताऱ्या आईचा पुढचा पावसाळा निघतो. दुसरे कोणी तिला रांगेत घेत नाही.

११ जुलै, गुरुवार

भागी नव्हती. बायांना हसायला काही नव्हते, तरी काम तेवढेच झाले.

दिवेलागणीला काशीमावशी आली. मिश्रीला तंबाखू मागायला म्हणून, पण उंबऱ्यावर बसून राहिली. मी लहान असल्यापासून मला ओळखते.

"तुला काय वाटलं, तुजी बाईल हाताची मंद व्हती?"

मी म्हटले, असेल थोडी. वहिनी तिच्याहून चलाख.

"कुटली मंद. भागी मागं पडली का ती बी मागं पडायची. आमी भागीला कोंडाया निगालो का मदी येऊन हुबी. मला हसा म्हनायची, माजं काय झिजतं. आन त्यो गूळ. तो बी तिचाच. सकाळच्या पारी तुज्या भावाच्या हातात द्यायची, तुमी द्या म्हनून."

दादांना हे ठाऊक होते. मला नव्हते.

मी विचारले, मग मावशी, त्या दिवशी गाण्याला तू का हसलीस?

ती तळहातावर तंबाखू चोळू लागली. "समद्या हसत व्हत्या." मग उठताना म्हणाली, "ती व्हती तवा आमी बऱ्या व्हतो रं. ती गेली, झालं."

१३ जुलै, शनिवार

शाळेहून परस्पर ठाकरवाडीवर गेलो. वर धुके, वाट निसरडी. भागी दारात काटक्या मोडत होती. तिची आई आत खोकत होती.

उद्या ये, म्हटले.

"बाई गेल्या, मास्तर. माज्या शेजारी कोन हुबं ऱ्हानार?"

मी राहीन, असे म्हणालो. तिने माझ्या हातांकडे पाहिले. हसली नाही. एवढेच म्हणाली, "तुमाला लावाया येतं?"

पाहिले आहे, म्हणालो.

१४ जुलै, रविवार

धोतराचा काचा मारला आणि उतरलो. आमच्याकडे पुरुष औत धरतो, चिखलणी करतो. आवणी बायांची. दादा बांधावरून म्हणाले, लाज आणलीस, बायको गेली तर तिचं लुगडं नेसणार का. भागीला पाहून वहिनींनी नुसती मान वळवली. मग गाणे धरले. आज त्यात मी होतो.

भागी माझ्या उजव्या हाताला. मला वाटले होते मी मुद्दाम मागे पडेन, स. सारखा. मुद्दाम पडायची गरजच लागली नाही. मान वर केली तेव्हा रांग पार पुढे गेली होती आणि माझ्या चारी बाजूंना हिरवे.

बाया हसल्या. सगळ्यांत मोठ्याने भागी. "मास्तर कोंडलं! छडी कुटं गेली, मास्तर?" तिच्या हसण्याला धार होती. आणि ती मागे नव्हती. रांगेबरोबर होती. त्या हातातून आज एकही मूठ सुटली नाही.

मला हसता आले नाही. खूप प्रयत्न केला. तोंड वाकडे झाले असावे, कारण त्या आणखी हसल्या. कोंडून घेणे कोणालाही जमेल. स. ते हसणे कुठून आणायची, कळत नाही.

गूळ कोणी दिला नाही. त्या जेवायला गेल्या. मी उभा. पायाला जळू लागली तरी उभा. शेवटी भागीसारखे रोप उपटून वाट काढू लागलो. उपटलेले परत लागेना, आडवे पडे. मग नाद सोडला आणि सरळ तुडवत बांधावर आलो.

वहिनींनी ती तुडवलेली ओळ भागीला लावायला सांगितली, बाकीच्या विसावा घेत असताना. भाकरी बाजूला ठेवून ती उतरली. मला ऐकू जाईल अशा बेताने शिव्या देत होती. तिचे चुकले नाही.

१५ जुलै, सोमवार

शाळेत पाठ आणि कंबर धरलेली. हेडमास्तरांच्या कानावर गेले आहे. म्हणाले, शोक समजतो, पण शिक्षकाने.

वाक्य पुरे केले नाही. दुपारी शेतावर गेलो नाही.

१६ जुलै, मंगळवार

आज बांधावरूनच पाहिले. भागी आता मधे आहे, वहिनींच्या शेजारी. वहिनींनी तिला मूठ बांधायची नवी रीत दाखवली म्हणे, मनगटावर पेंढ्याचा वेढा घेऊन. हात चालतो. वहिनींना असेही जमते. मी हे लिहून ठेवतो.

टोकाला काशीमावशी. कंबर धरली आहे, वाकली की उठता येत नाही. गाण्यात तिचे नाव आले. कडवे भागीने जोडले. म्हातारीला यमाने बोलावले पण ती चालीत मागे राहिली, असे काहीसे. चांगले जोडले होते. मलाही हसू आले, आणि मग मावशीकडे लक्ष गेले.

मावशी हसत होती. बाकीच्यांसारखेच.

निघताना वहिनी म्हणाल्या, "उद्या सकाळच्याला विहिरीखालचं शेवटचं खाचर. येनार का, भावजी?" आवाजात चेष्टा नव्हती. बोलावणेही नव्हते. पाठीवर स. चे इरले.

घरी येऊन स. च्या मडक्यांत शोधले. तळाच्या मडक्यात गुळाचा खडा सापडला, फडक्यात. यंदाच्या आवणीसाठी उन्हाळ्यातच बाजूला काढलेला असणार. पाझरला आहे, थोड्या मुंग्या लागल्या आहेत. झटकून पुन्हा बांधला आणि इरल्याच्या रिकाम्या खुंटीला टांगला.

काशीमावशी दारावरून गेली, तेव्हा पायरीशी थांबली. आज तंबाखू मागितला नाही. मी उद्या शेतावर येतो म्हणालो नाही. येत नाही, असेही नाही.

उद्या सकाळी शाळा. चिखलाचे धोतर दोनदा धुतले. या हवेत वाळायचे नाही. ओलेच नेसावे लागेल, शाळेत गेलो काय, किंवा खाचरात उतरलो काय.