पहिल्या घासाआधीचा घास

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. नातू साडेपाच महिन्यांचा झालाय. आम्ही जेवायला बसलो की ताटाकडे टक लावून बघतो. "सुरू करायचं का आता?" सूनबाईनं सकाळी विचारलं आणि माझ्या तोंडून तुझंच उत्तर निघालं. सहा महिने पुरे होऊ देत. आधारानं बसवल्यावर मान ताठ राहते का, चमचा ओठाला लावला की जीभ तो बाहेर ढकलते का, ते बघ. नुसता बघतो म्हणून भरवू नकोस, पोरं चपलांकडेही तशीच बघतात.

माझ्या लेकाचं उष्टावण मांडलं तेव्हा तो जेमतेम चार महिन्यांचा होता. पहिला घास मामानं भरवायचा, आणि दादाची लष्करातली सुट्टी संपत आलेली. सासूबाईंनी पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत वीस-पंचवीस माणसं जमवली होती. तू अंगणवाडीतून एक दिवसाची रजा टाकून कळवणहून आली होतीस. दादा खिरीत सोन्याची अंगठी बुडवतो, तेवढ्यात तू बाळाला मांडीवर घेतेस आणि रिकामा चमचा त्याच्या ओठाला लावतेस. जीभ चमचा बाहेर लोटते, मान कलंडते.

"नाय, अजून नाय. अंगठी नुसती कपाळाला लाव. खीर मोठ्यांनी खा."

"आई, मला परत सुट्टी कुठं मिळायची?" दादा म्हणतो.

"मग मी भरवीन. पोराला तुझी सुट्टी कळत नाय."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना तू माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आलीस, तर मी तोंड फिरवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी रव्याची खीर केली आणि त्याला भरवली. तुला खोटं पाडायचं होतं मला, दुसरं काही नाही. दुसऱ्या चमच्याला त्याचा आवाजच बंद झाला. ओठ निळे पडले. तू बायांना बाहुलीवर दाखवायचीस तसं मी त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापा मारल्या. गोळा पडला, तो रडला. मी त्याला उराशी धरून तिथेच ओट्याखाली बसले.

हे कोणालाच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी तू आलीस, त्याला भरवलंस, त्यानं मिटक्या मारत गिळलं आणि तू केवढी हसलीस. पुढे अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक आईला तू सांगायचीस, "माझ्या लेकीनं सासरचा राग ओढवून घेतला, पण पोरासाठी थांबली." एकदा दारात उभी राहून मी ते ऐकलं. तू शेवटपर्यंत ते अभिमानानं सांगत राहिलीस.

आज सूनबाईला घाबरवायला नव्हे, सावध करायला म्हणून मी ती दुपार सांगितली. शेजारच्या एका बाईची म्हणून सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारी," ती म्हणाली, "तिला सांगणारं कोणी नव्हतं का हो?"

नव्हतं, असं म्हणाले मी, आई.